चढावर उतरायचं नाही

मे महिना लागला की आमच्या इथल्या सायकलच्या वाटेवर लसणीचा वास सुटतो. ब्रिस्टलहून बाथकडे जाणारी ही वाट म्हणजे एके काळची रेल्वेलाइन. रूळ कधीच उचलून नेले, जागेवर डांबराचा पट्टा टाकला, आणि आता त्यावरून फक्त सायकली, चालणारी माणसं, कुत्री आणि बाबागाड्या जातात. मोटारींना मज्जाव. दोन्ही बाजूंच्या उतारांवर, झाडांच्या सावलीत रानलसूण माजते. रुंद हिरवी पानं आणि त्यांच्यावर पांढऱ्या फुलांचे झुबके. एखादी सर येऊन गेली की असा काही वास उठतो, की भूक नसली तरी भात आठवतो. कुणीतरी फोडणीसाठी लसूण ठेचून ठेवली आहे आणि तेल तापायची वाट बघतंय, असं मला दर वर्षी वाटतं.

परवाही तसंच झालं. मला वास यायच्या आधीच मागून मिलिंद म्हणाला, "आली बघ लसूण. म्हणजे पूल जवळ आला."

मिलिंद माझा नवरा. आम्ही दोघं एकाच सायकलवर असतो, मी पुढे आणि तो मागे. त्याला आता दिसत नाही म्हटलं तरी चालेल. उजेड आहे की सावली, एवढं कळतं. तरी या वाटेवर कुठे काय येतं हे माझ्यापेक्षा त्याला पक्कं ठाऊक असतं, आणि ते सांगताना त्याच्या आवाजात खास नागपुरी आगाऊपणा असतो. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी माझ्या पुणेरी अंगाला तो सोसत नाही.

"नाक शाबूत आहे म्हणायचं," मी म्हणाले.

"माझं नाक, कान, सगळंच शाबूत आहे. तुझी नुसती जीभ."

मी पुढे बघत राहिले. पण लसणीच्या वासाबरोबर तो एक मे-जून आठवतोच. आमची रेवा तेव्हा प्रायमरी शाळेत होती, मी कौन्सिलच्या लायब्ररीत अर्धवेळ काम करायचे, आणि मिलिंदला अजून मधलं मधलं दिसत होतं.

त्याच्या आदल्या हिवाळ्यात त्याच्या डोळ्यांचं निदान झालं होतं. पडद्याचा आजार. नजर कडांकडून हळूहळू आत सरकत येते, मधलं तेवढं बरेच दिवस तग धरतं. कागदाची सुरळी करून तिच्यातून बघावं, तसं त्याचं बघणं झालं होतं. आम्हाला आधी पत्ताच नव्हता. तो दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा, स्वयंपाकघरातल्या कपाटाचं उघडं दार त्याच्या कपाळात बसायचं, आणि आमच्या घरात त्याला धांदरट म्हणायची पद्धत पडली होती. निदान झाल्यावर त्या सगळ्या टेंगळांचा अर्थ एकदम लागला. घरात कुणी कपाटाचं दार उघडं टाकायचं नाही असा मी कायदा केला आणि रेवाने तो माझ्यापेक्षा कडक पाळला.

गाडीचं लायसन्स परत पाठवलं तेव्हा तो फारसं बोलला नाही. गाडीवर त्याचा जीव नव्हताच. जीव होता सायकलवर. विमानांच्या पंखांची गणितं करणारा हा माणूस रोज सायकलने कामावर जायचा, आणि वळसा पडला तरी येताना याच वाटेने यायचा. एका संध्याकाळी वाटेत कडेने एक छोटी मुलगी खेळण्यातली स्कूटर पायाने ढकलत आली. ती त्याला दिसलीच नाही. दोघं पडली. तिचा गुडघा खरचटला, बाकी काही नाही. तिच्या आईने "नो हार्म डन" म्हणून उलट यालाच धीर दिला. मिलिंद सायकल हातात धरून चालत घरी आला. चिखल पुसला, चेनला तेल घातलं, आणि मग ती शेडमध्ये, गवत कापायच्या मशीनच्या मागे उभी करून ठेवली.

"आता बस," तो म्हणाला.

ठेवून द्यायच्या सायकलला कुणी तेल घालत नाही, असं मी मनाला समजावत होते. पण तो आठवडेच्या आठवडे शेडकडे फिरकला नाही. बसने कामावर जायचा, बसने यायचा, आणि घरात आला की भिंतीला हात लावून चालायचा. मला ते बघवत नव्हतं.

डोळ्यांच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरबाई स्वभावाने मऊ होत्या. त्यांनी कुठलीच मुदत सांगितली नाही. उठताना एवढंच म्हणाल्या, "काही बघायचं मनात असेल, तर ते लांबणीवर टाकू नका."

परतताना आम्ही बसच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढे बसलो. मी विचारलं, "काय बघायचंय तुला?" मला वाटलं, हिमालय म्हणेल, नाहीतर नायगारा.

"ते डोंगर," तो म्हणाला. "फ्रान्समधले. गाडीतून दिसले होते ते."

कंपनीच्या कामासाठी तो फ्रान्सला जायचा. एकदा पॅरिसहून खाली दक्षिणेकडे जाताना, बर्गंडीत, गाडीच्या खिडकीतून त्याला टेकड्यांच्या रांगा दिसल्या होत्या. द्राक्षांचे मळे, मध्ये पांढऱ्या गाई, आणि पायथ्याने गेलेली एक जुनी, रूळ काढलेली रेल्वेलाइन. तिच्यावर माणसं सायकली चालवत होती. वाहन म्हणून एकही नाही. तो घरी येऊन आठवडाभर तेच सांगत होता. मग रोजच्या धबडग्यात ते राहून गेलं.

"आणि आपला सह्याद्री?" माझ्यातली पुणेकरीण दुखावली.

"सह्याद्री पाठ आहे मला."

तेव्हा मी ठरवलं, याला तिथे न्यायचं. सायकलवर. बसमधून नाही, मोटारीतून नाही. ज्या वाटेवर बाजूने अंगावर काही येणार नाही, अशी वाट जगात आहे आणि ती नेमकी त्या डोंगरांत आहे, तर हा भिंतीला हात लावून का चालतोय? मला डॉक्टरबाईंचं वाक्य छळत होतं. दिसतंय तोवर ते डोंगर त्याला दिसायला हवे होते.

फोन त्यानेच केला. अशा सहली काढणारी एक छोटी कंपनी होती, एक बाई घरूनच चालवायच्या. मिलिंदने डोळ्यांचं सगळं मोकळेपणाने सांगितलं. मी शेजारी पोळ्या लाटत होते. बाईंनी विचारलं, "तुम्ही दोघं याआधी कधी एका सायकलवर बसला आहात का?"

"ओ येस," मिलिंद म्हणाला. "डबलसीट. फॉर यिअर्स."

चढावर? हो, चढावरही. पुण्यात. भर ट्रॅफिकमध्ये. बाई पलीकडे चाट पडल्या असाव्यात, कारण मिलिंद फोन ठेवून खुशीत म्हणाला, "आपल्याला एक्सपिरिअन्स्डमध्ये टाकलंय." मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. तो एक अक्षरही खोटं बोलला नव्हता.

आमची सगळी कॉलेजची वर्षं डबलसीट गेली. तो नागपूरहून पुण्याला शिकायला आलेला, हॉस्टेलवर राहायचा, आणि त्याच्याकडे एक जडशीळ काळी सायकल होती. मी कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसायचे, मांडीवर दोघांची दप्तरं. मला समोरचं काही दिसायचं नाही, फक्त त्याची पाठ आणि तिच्यावरचा निळ्या चौकडीचा शर्ट. चौकात हवालदार दिसला की मी टुणकन उतरायचे, शहाण्या मुलीसारखी चालत चौक ओलांडायचे, आणि पलीकडे चालत्या सायकलवर पुन्हा उडी मारून बसायचे. ही उडी ज्याला जमते त्याला जमते, शिकवून येत नाही. आणि डबलसीटचा एक नियम असतो, तो कुणी कुणाला सांगत नाही. चढ आला की मागच्याने उतरायचं. गणेशखिंडीचा चढ लागला की मी विचारायचे, "उतरू का?" तो धापा टाकत म्हणायचा, "बस गं." तरी मी उतरायचेच. त्याच्या पाठीचा घाम बघवायचा नाही म्हणून, आणि खरं सांगायचं तर त्याच्या शेजारून चालायला मला आवडायचं म्हणून.

काही दिवसांनी कंपनीची ईमेल आली. तुमची टँडम तयार असेल, वगैरे. "टँडम म्हणजे डबलसीटच," मिलिंदने अर्थ सांगितला, आणि मी तो मान्य केला.

आमच्या त्या भ्रमाचा भोपळा शेजारच्या जीनने फोडला. जीन म्हणजे कुंपणापलीकडची रिटायर्ड शिक्षिका, साठी उलटून गेलेली. मी कपडे वाळत घालताना तिला सहलीचं सांगितलं, तर तिचे डोळे चमकले. तिचा नवरा रॉन आणि ती जन्मभर टँडमवर हिंडले होते. रॉनच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती सायकल शेडमध्ये पडून होती. "प्रॅक्टिसला घेऊन जा," म्हणत तिने ती बाहेरच काढली.

लांबलचक, बाटलीच्या हिरव्या रंगाची. दोन सीटं, दोन हँडलं, पेडलांच्या दोन जोड्या. आम्ही दोघं बघतच राहिलो.

"हिला कॅरिअर कुठाय?" मिलिंदने मला मराठीत विचारलं.

रेवा शाळेतून आली ती धावत. "आई, बाबाची नवीन सायकल किती लांब आहे! तो दोन लोकांसाठी आहे?" तिचं मराठी ब्रिस्टलला जन्मलेलं. सायकल एका श्वासात 'ती'ही व्हायची आणि 'तो'ही.

जीनने सायकल उभी धरली आणि सहज विचारलं, "तुमच्यात कॅप्टन कोण?" पुढे बसतो तो कॅप्टन. हँडल, ब्रेक, गिअर सगळं त्याच्या हातात. मागच्याचं हँडल नुसतं धरायला असतं, ते वळत नाही.

मिलिंद सवयीने पुढे गेला आणि त्याने पुढचं हँडल धरलं. बोटं ब्रेकवर नीट बसली. मग तो तसाच थांबला. थोड्या वेळाने त्याने हँडल सोडलं, सायकलच्या कडेकडेने हात फिरवत मागच्या सीटपाशी गेला, आणि तिथे उभा राहिला. मला इतकं भरून आलं की मी उगाच सीटची उंची बघायला लागले.

कॅप्टन मी झाले. आयुष्यात मी कुणाला मागे बसवून सायकल चालवली नव्हती. पहिल्या दिवशी आम्ही जीनच्या गुलाबात गेलो, दुसऱ्या दिवशी कुणाच्यातरी कुंपणात. पण वाटेवर आलो की बरं जमायचं. लसूण तेव्हा ऐन भरात होती. जीन तिच्या साध्या सायकलवरून शेजारून यायची आणि शाळेतल्यासारखी शिकवायची. टँडमवर दोघांची पेडलं एकमेकांना जोडलेली असतात. एकाने पाय थांबवले की दुसऱ्याचेही थांबतात, एकाने जोर लावला की दुसऱ्याला तो कळतो. "आणि बोलत राहा," ती मला बजावायची. "खड्डा आला, सांग. वळणार आहेस, सांग. मागे बसलेल्या कुणालाच पुढचं दिसत नाही. डोळे चांगले असले तरी नाही. मी जन्मभर मागे बसले, मला रॉनच्या पाठीशिवाय काय दिसलं?"

हे ऐकून मिलिंद खूप दिवसांनी मोठ्याने हसला. मी मात्र खूश होते ते बोलण्यावर. आमच्या संसारात माझ्या बडबडीची मागणी पहिल्यांदाच होत होती.

मग तो चढ आला. वाटेवरून वर रस्त्याला लागायला एक आखूड पण उभा उतार होता, आम्हाला खालून येताना तो चढ. मी गिअर बदलला, जोर लावला, आणि अर्ध्यात एकाएकी सायकलचा मागचा भाग हलका झाला. मोकळी पेडलं माझ्या पायांवर आपटली, पुढचं चाक वळलं, आणि मी कडेच्या खाजऱ्या पानांत आडवी. मान वर करून बघते तर मिलिंद वाटेच्या मधोमध उभा, हात तसेच पुढे.

"काय झालं तुला?" मी ओरडले.

"चढ आला म्हणून उतरलो," तो म्हणाला.

जीनला काही उमजेना. मी दंडावरचे लाल चट्टे चोळत तिला डबलसीटचा नियम समजावला. तिने नीट ऐकून घेतलं, जरा विचार केला आणि मिलिंदला म्हणाली, "फार सभ्य पद्धत आहे. पुन्हा करू नकोस."

बाहेर हसण्यावारी गेलं, पण घरी आल्यावर त्यावरून आमचं वाजलं. तो म्हणाला, मागचा माणूस चढावर ओझं असतो, एवढी वर्षं तू का उतरत होतीस? मी म्हणाले, मी कॅरिअरवर होते, माझ्या पायाखाली पेडल नव्हतं, तुझ्या आहे.

"पेडल आहे. पण उद्या दिसायचं पूर्ण बंद झालं की मग? तू मला असंच ओढत नेणार? बाजारात, दवाखान्यात, सगळीकडे?" तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. "मला तुझ्यावर ओझं होऊन बसायचं नाहीये, वृंदा. सायकलवर नाही आणि घरातही नाही."

हे त्याच्या मनात किती महिने होतं कोण जाणे. मला राग आला आणि रडूही आलं. मी चट्ट्यांना दह्याची साय लावत बसले, आणि थोड्या वेळाने तो येऊन म्हणाला, दंडाच्या मागच्या बाजूला तुझा हात पुरत नसेल, आण इकडे.

त्याच सुमारास लंडनमधल्या स्टॅनमोरहून ताईचा फोन. माझी मोठी बहीण. आमच्या सहलीच्या आठवड्यात रेवा तिच्याकडेच राहणार होती.

"अगं, मिलिंदरावांचे डोळे अधू झालेत, आणि तू त्यांना डोंगरात सायकलवर घेऊन चाललीस? त्यांना आता जपायला हवं गं."

"जपायला तो काय लोणचं आहे, ताई?"

"तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही," ताई म्हणाली, आणि रेवाला काय काय आवडतं ते विचारून घेतलं. बोलून मी फोन ठेवला खरा, पण त्या रात्री मला झोप लागेना. ताई काही चूक बोलत नव्हती. मी पडले तर तो पडणार होता, आणि पडताना हात कुठे टेकायचे हेही त्याला दिसणार नव्हतं.

जूनमध्ये आम्ही निघालो. समुद्राखालच्या बोगद्यातून पॅरिसला जाणारी गाडी तेव्हा लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून सुटायची. दुसऱ्या दिवशी सकाळी बर्गंडीतल्या एका छोट्या गावात कंपनीच्या माणसाने निळी टँडम आमच्या स्वाधीन केली. गोरा, उन्हाने लाल झालेला इंग्रज. "इंडियन ट्रॅफिकमध्ये चालवणारे तुम्ही," तो आदराने म्हणाला, "तुम्हाला इथे काय अवघड?" मी मिलिंदकडे बघितलं. तो दुसरीकडे बघत होता, आणि या बाबतीत डोळ्यांचं कारण चालण्यासारखं नव्हतं.

सुरुवातीचे दिवस सोन्यासारखे गेले. तीच, गाडीतून पाहिलेली रेल्वेलाइन. जुन्या स्टेशनांची घरं झालेली, फलाटांवर गुलाब चढवलेले. कापलेल्या गवताचा वास. गावांतून चर्चच्या घंटा ऐकू यायच्या, कारण त्यांच्यावर ताण करणारं एकही इंजिन नव्हतं. मिलिंदचे खांदे सैल झाले. हे मला दिसत नव्हतं, पण सायकलला कळत होतं. ती सरळ चालायला लागली होती. वाटेत एक लांब बोगदा लागला. हिवाळ्यात तो वटवाघळांसाठी बंद ठेवतात म्हणे. आत गारठा आणि मिणमिणते दिवे. "मला काहीच दिसत नाहीये," मी म्हणाले. "ये, बस," मागून आवाज आला, "आमच्यात जागा आहे."

पण डोंगर कडेला होते, लांब. एक्सपिरिअन्स्ड मंडळींचा रस्ता मग एके दिवशी लाइन सोडून थेट त्यांच्यात शिरला. मळ्यांमधून वर जाणारी, ट्रॅक्टरपुरती काँक्रीटची वाट. तीही त्या दिवशी मोकळी होती. दोन्हीकडे द्राक्षवेलींच्या रांगा, पायाशी पांढरी माती, वर ऊन. पहिल्या वळणानंतर वाट जी उभी झाली, ती झालीच. मी सगळ्यात हलक्या गिअरवर आले. त्याच्या खाली गिअर नव्हता. पुढचं चाक डगमगायला लागलं, घाम डोळ्यांत उतरला, बोलायचं तर सोडाच, श्वास पुरेना. आता पाय टेकावा लागणार असं वाटलं, आणि मागून हळू आवाजात प्रश्न आला.

"उतरू का?"

गणेशखिंडीच्या चढावर मी विचारायचे तसाच. तेच दोन शब्द, तोच संकोच. मला काय झालं कोण जाणे. त्याने मला जे उत्तर दिलं होतं, तेच माझ्या तोंडून धापा टाकत बाहेर पडलं.

"बस रे."

आणि मग मी म्हणाले, "उतरायचं नाही. पेडल मार."

क्षणभर काहीच झालं नाही. मग माझ्या पायाखालचं पेडल हलकं झालं. आपोआप खाली जायला लागलं, माझा पाय घेऊन. वर्षानुवर्षं सायकलने कामावर जाणाऱ्या माणसाच्या मांड्यांतलं बळ होतं ते. इतके दिवस तो बिचकत, माझ्या मापाने पाय चालवत होता. आता त्याने सगळा जोर लावला. चाक सरळ झालं. चढ तो चढवत होता आणि मी नुसती वळवत होते. मी "डावीकडे," म्हणाले, मी "खडी आहे," म्हणाले, आणि वेली भराभर मागे जात राहिल्या. आम्ही एकदाही न उतरता माथ्यावर आलो.

वर एक दगडी बाक होता. सायकल टेकवली आणि मिलिंद त्या बाकापाशी उभा राहिला. खाली सगळी टेकड्यांची रांग पसरली होती. मी एका नजरेत ती पाहिली आणि पाण्याची बाटली काढली. त्याला तसं बघता येत नव्हतं. त्याने डावीकडच्या टोकापासून सुरुवात केली आणि मान अगदी सावकाश फिरवत नेली, भिंतीला रंग देणारा ब्रश नेतो तशी. थोडं वर, पुन्हा डावीकडून. पट्ट्यामागून पट्टा. मी बाकावर बसले. पुष्कळ वेळ बसले. मधूनच तो सांगायचा, तिथे एक पांढरी गाय बसली आहे, तिच्या वरच्या अंगाला झाडं आहेत, त्यांतलं एक वाळलेलं. मी त्या दिशेने बघायचे. ती गाय मला दिसलीच नव्हती.

उतारावर माझी कंबख्ती होती. वजन दोघांचं आणि ब्रेक माझ्या हातात. मी जीनच्या शिकवणुकीप्रमाणे एकसारखी बोलत होते. वळण आलं, ब्रेक लावतेय, पुन्हा वळण, उजवीकडे झुक. मागून हूं की चूं नाही.

"ऐकतोयस ना?" मी ओरडून विचारलं.

"ऐकतोय," तो म्हणाला. "रस्ता तू बघ. मी डोंगर बघतो."

मला वळून बघता येत नव्हतं, पण समजलं. गेले कित्येक महिने त्याची उरलेली सगळी नजर रस्त्यावर, पायरीवर, चौकटीवर खर्च होत होती. पुढचं पाऊल कुठे पडतंय तेवढंच बघण्यात ती संपायची. आता रस्ता माझा होता. त्याला पुढे बघायचं कारणच उरलं नव्हतं, म्हणून तो खुशाल एका बाजूला मान वळवून बसला होता, आणि डोंगर वळणावळणाला त्याच्यासमोर येत होते. मी उतरता उतरता रडले, आणि ब्रेक लावतेय, ब्रेक लावतेय म्हणत राहिले.

परत आल्यावर जीनने तिची हिरवी टँडम आम्हाला देऊन टाकली. रॉनने एवढंच सांगितलं, की पावसात बाहेर ठेवू नका. ताईने फोटो बघितले आणि म्हणाली, मिलिंदराव किती छान दिसतायत, आणि तू काय अवतार केला होतास. रेवा आता लंडनला नोकरी करते. घरी आली की अजूनही कपाटांची दारं लावत हिंडते, आणि "सायकल कुठे ठेवला?" म्हणून विचारते. आम्ही तिला सुधारत नाही.

डॉक्टरबाईंनी सुचवलं होतं तसंच सगळं होत गेलं. सुरळी अरुंद होत होत एक दिवस मिटली. ते दिवस सोपे नव्हते. तो पुष्कळदा चिडला, मीही चिडले. पण ओझं हा शब्द पुन्हा आमच्या घरात कुणी काढला नाही.

परवा त्या लसणीच्या वासातून पुढे गेलो, पूल मागे पडला, तरी मिलिंद गप्पच. एवढा गप्प तो सहसा नसतो.

"काय रे, काय चाललंय?"

"बघतोय."

"काय?"

"डोंगर."

"इथे मेला एक डोंगर नाही," मी म्हणाले. "डावीकडे सुपरमार्केटची मागची भिंत आहे. आणि उजवीकडे कचऱ्याचे डबे."

"तू रस्ता बघ," तो म्हणाला.

मी रस्त्याकडे बघितलं. समोर छोटासा चढ होता. मी काही सांगायच्या आत माझ्या पायाखालचं पेडल हलकं झालं.